साताऱ्याच्या डोंगरांतला सराव लडाखच्या उंचीवर पुरेल का?

प्रश्न: यवतेश्वरची वाट, सातारा

नमस्कार. मी (वय ४६, शिक्षिका), माझे यजमान (वय ५२) आणि पुण्यात शिकणारी आमची मुलगी (वय १९) असे आम्ही तिघे जूनच्या पहिल्या आठवड्यात लडाखमधील मारखा खोऱ्याच्या ट्रेकला जाण्याचे ठरवत आहोत. गेली काही वर्षे आम्ही आठवड्यातून तीनदा पहाटे अजिंक्यतारा चढतो. बामणोलीहून लाँचने जाऊन वासोटा केला आहे, कळसूबाई दोनदा झाले आहे. मात्र आम्ही रात्रीचा मुक्काम केलेले आजवरचे सर्वांत उंच ठिकाण महाबळेश्वर आहे, ही गोष्ट कार्यक्रमपत्रिका हातात आल्यावर प्रथमच ध्यानात आली आणि तेव्हापासून मनात शंका आहे.

आयोजकांनी दिलेला कार्यक्रम असा आहे: पहिल्या दिवशी दिल्लीहून विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी लेहमधील स्थळदर्शन, तिसऱ्या दिवशी गाडीने चिलिंगपर्यंत जाऊन पुढे चालत स्कीयू, चौथ्या दिवशी मारखा गाव, पाचव्या दिवशी थेट निमालिंग, सहाव्या दिवशी कोंगमारू ला ही खिंड ओलांडून लेह आणि सातव्या दिवशी परतीचे विमान. दिवस कमी वाटतात असे मी फोनवर म्हटले, तेव्हा "साताऱ्याची माणसे काटक असतात, तुम्हाला काही होणार नाही" असे उत्तर मिळाले. ते आपुलकीने म्हणाले असतील, पण माझे समाधान झालेले नाही.

यजमानांना सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू असून दाब आटोक्यात आहे. आमचा इथला सराव त्या उंचीवर उपयोगी पडेल का, हे दिवस पुरेसे आहेत का आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स नावाची गोळी घ्यावी का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: वारणाकाठचा वैद्य, सांगली

ताई, आपली शंका अगदी रास्त आहे. मी सांगलीत वैद्यकीय व्यवसाय करतो आणि लडाखला तीनदा जाऊन आलो आहे.

मागच्या वेळी मी सांगलीहून भडंगाची बंद पाकिटे बरोबर नेली होती. घरातून निघताना ती हाताला मऊ लागत होती, आणि लेहच्या खोलीत सॅक उघडली तेव्हा प्रत्येक पाकीट टम्म फुगलेले होते, इतके की एकाची शिवण बोट लावताच सुटली. पाकिटात कोंडलेली हवा सांगलीची होती आणि बाहेरच्या हवेचा दाब तिच्या जेमतेम दोन-तृतीयांश होता. आपल्या शरीराला नेमके हेच सोसायचे असते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही सुमारे २१ टक्केच असते, पण दाब उतरल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत जाणारा प्राणवायू कमी होतो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, आणि कोंगमारू ला सुमारे ५,२०० मीटरवर. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो.

यावर शरीराचा पहिला उपाय म्हणजे श्वास वाढवणे. श्वास वाढला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मग मेंदूच श्वासाला आवर घालू लागतो. झोपेत तर काही क्षण श्वास थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. हे रक्त पुन्हा समतोलावर आणण्याचे काम मूत्रपिंडे करतात, आणि त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. अजिंक्यताऱ्यावर हजार वेळा चढून हे दिवस वाचत नाहीत, कारण चढण्याच्या सरावाने पाय आणि हृदय तयार होते, मूत्रपिंडांचे हे काम मात्र त्या उंचीवर गेल्याशिवाय सुरूच होत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि शरीर सरावण्यापूर्वीच अडचणीच्या उंचीला पोहोचतो. तुम्हा तिघांत मला काळजी वाटते ती तुमच्या मुलीची, कारण या वयात दम लागत नाही आणि डोके दुखत असल्याचे सांगण्याचा संकोच मात्र असतो.

आता दिवसांविषयी. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा सर्वमान्य दंडक आहे. दिवसा खिंडीपर्यंत जाऊन परत खाली येणे चालते, मोजायची असते ती झोपेची उंची. आपल्या कार्यक्रमात मारखा गावाहून एका दिवसात निमालिंगला जायचे आहे, म्हणजे झोपण्याची उंची एकाच रात्रीत जवळजवळ हजार मीटरने वाढते. हा टप्पा मला मान्य नाही. मधे हंकर येथे एक आणि थाचुंगत्से येथे एक मुक्काम हवा, आणि लेहमध्ये किमान तीन रात्री हव्यात. त्यांपैकी पहिले दोन दिवस अक्षरशः विश्रांतीचे असावेत. शांती स्तूपाच्या पायऱ्या तिसऱ्या दिवशीही तिथेच असतील.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, मूत्रपिंडांच्या वर सांगितलेल्या कामाला गती देते. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांसाठी प्रौढांना सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. बोटांना मुंग्या येणे आणि लघवीला वारंवार जावे लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. मात्र सल्फा गटातील औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल तर तेही आधी पाहावे लागेल. रक्तदाबाची गोळी कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून बंद करू नये. उंचीवर पहिले काही दिवस दाब थोडा वाढू शकतो, म्हणून जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची भेट घ्याच.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, थकवा ही उंचीच्या त्रासाची साधी लक्षणे आहेत. ती असताना वर जायचे नाही, इतके पाळले तर बहुतेक वेळा एका दिवसाच्या विश्रांतीने ती ओसरतात. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे आणि कोरडा खोकला वाढत जाणे हे फुप्फुसांत पाणी होत असल्याचे लक्षण आहे, तर चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात घोटाळा होणे हे मेंदूला सूज येत असल्याचे. या दोन्हींत ताबडतोब, रात्र असली तरी, खाली उतरायचे. जमिनीवरील सरळ रेषेवर टाचेला बोट लावत चालायला सांगा. ज्याला ते जमत नाही त्याने सकाळपर्यंत थांबायचे नाही.

उत्तर २: दंडोबाच्या पायथ्याशी, मिरज

डॉक्टरांनी तोल जाण्याविषयी जे लिहिले आहे ते मी स्वतः अनुभवले आहे, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी आम्ही मिरजेचे पाच मित्र एव्हरेस्ट बेस कँपच्या वाटेवर होतो. नामचे बाजारला दोन रात्री थांबलो, तिथवर सारे ठीक होते. दिंगबोचेला संध्याकाळी माझे डोके दुखू लागले. तिथे दोन रात्री थांबण्याचे ठरले होते, परंतु आमचा एक दिवस विमानाच्या विलंबात गेला होता आणि तो भरून काढण्यासाठी मुक्काम एका रात्रीवर आणला गेला. मी डोकेदुखीबद्दल बोललो नाही. माझ्यामुळे पाच जणांचा कार्यक्रम बिघडू नये, एवढेच मनात होते. दुसऱ्या दिवशी लोबुचेला, म्हणजे सुमारे ४,९०० मीटरवर, पोहोचलो. संध्याकाळी दोनदा उलटी झाली आणि मी जेवण न घेता झोपलो.

पहाटे बूट घालायला बसलो, तर नाडीची गाठ बांधता येईना. दोन्ही टोके हातात धरलेली दिसत होती, पुढे काय करायचे तेच आठवत नव्हते. मी तसाच बसून राहिलो. माझ्या मित्राने ते पाहिले आणि काही न विचारता खाली बसून माझ्या दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या. मग त्याने मला उभे केले आणि अंगणात चालायला लावले. मी भिंतीवर जाऊन आदळलो. आमच्या वाटाड्याने त्या क्षणी निर्णय घेतला. मला दोघांच्या मधे धरून फेरीचेला उतरवले, तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मोसमी दवाखान्याचे ठिकाण आहे. डॉक्टरांनी प्राणवायू आणि औषध दिले, पण माझ्या आठवणीत राहिले आहे ते हे की दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच, साडेपाचशेएक मीटर उतरल्यावर, डोक्यावरचे ओझे कोणीतरी उचलून घेतल्यासारखे वाटले होते. त्या मित्राचे माझ्यावर जन्मभराचे ऋण आहे.

ताई, मारखाच्या बाबतीत एक गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेली नसते. एव्हरेस्टच्या वाटेवर मागे फिरले की वाट बहुतांशी खालीच जाते. निमालिंगहून पुढची वाट मात्र आधी खिंडीपर्यंत चढते आणि मगच उतरते. तिथे आजारी पडलेल्या माणसाला पुढे न्यायचे म्हणजे आणखी चारएकशे मीटर वर न्यायचे, आणि हे कधीही करू नये. त्याला मागे थाचुंगत्सेला किंवा हंकरला उतरवायचे. त्यासाठी घोडेवाला निमालिंगला रात्री तुमच्याबरोबर थांबणार आहे का, की सामान टाकून पुढे निघून जाणार आहे, हे आयोजकांना आजच विचारा. मागे फिरावे लागले तर गाडी कोठे येईल, हेही विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी तयार नसतील त्याच्याबरोबर मी जाणार नाही.

उत्तर ३: प्रीतिसंगम, कऱ्हाड

वरील दोन्ही उत्तरांनंतर थोडेच लिहायचे उरते.

आपला इथला सराव वाया जात नाही. कोंगमारू लानंतरची उतरण लांब आणि दगडगोट्यांची आहे, तिथे गुडघे बोलू लागतात. म्हणून अजिंक्यतारा चढण्याइतकेच लक्ष उतरण्याकडे द्यावे. यवतेश्वर घाटातून कासपर्यंत सात-आठ किलो वजन पाठीवर घेऊन लागोपाठ दोन दिवस चालावे, कारण एका दिवसाच्या गडचढाईने लागोपाठ सहा दिवस चालण्याची सवय होत नाही. चाल मात्र मुद्दाम धीमी ठेवावी: बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकीच.

लेहमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून पोस्टपेड सिम घेऊन जावे, आणि खोऱ्यात तेही बहुतेक ठिकाणी लागणार नाही असे धरून चालावे. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने प्रेमाने सॅटेलाइट फोन किंवा संदेश पाठवणारे तसले उपकरण देऊ केले तर घेऊ नये. आपल्या देशात परवान्याशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे.

उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव कामी येते. आम्ही मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि साताऱ्याचे कंदी पेढे नेले होते. निमालिंगच्या थंडीत भाताकडे पाहवत नव्हते, पण पेढा मात्र सगळ्यांनी खाल्ला.

हवामानासाठी एक दिवस राखीव ठेवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष नेपाळात पोहोचले आणि थोरोंग ला खिंडीच्या परिसरात बर्फाच्या वादळात व हिमकड्यांखाली चाळीसहून अधिक माणसे गेली. ऐन मोसमात हे घडले. दिवस हातात असला तर माणूस खालच्या गावात थांबू शकतो, नसला तर तो आभाळाकडे न पाहता खिंडीकडे निघतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर: यवतेश्वरची वाट, सातारा

आपण तिघांनी इतक्या तळमळीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. बुटाच्या नाडीचा प्रसंग मी मुलीला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की कळसूबाईला दुसऱ्या वेळी तिचे पोट दुखत होते, ते तिने आम्हाला सांगितले नव्हते. आता रोज संध्याकाळी जेवणाआधी तिघांनी एकमेकांना डोके, पोट आणि झोप यांविषयी विचारायचे, असे ठरले आहे.

आयोजकांना मी घोड्याचे आणि गाडीचे दोन्ही प्रश्न लेखी पाठवले. घोडे निमालिंगला थांबत नाहीत, खिंडीच्या अलीकडे कुरणात जातात, असे उत्तर आले आणि मुक्काम वाढवण्यास त्यांनी नकार दिला. आम्ही ती नोंदणी रद्द केली, आगाऊ भरलेल्या रकमेचा काही भाग त्यात गेला. आता लेहमधील एका स्थानिक वाटाड्याशी थेट ठरवले आहे: लेहमध्ये तीन रात्री, मग स्कीयू, मारखा, हंकर, थाचुंगत्से, निमालिंग, आणि एक दिवस राखीव. शाळा जूनच्या मध्यास सुरू होत असल्याने आम्ही मे अखेरीसच निघत आहोत. त्या वेळी खिंडीत बर्फ असू शकते, आणि ते अधिक असेल तर हंकरहून मागे फिरायचे हे वाटाड्याने आधीच सांगून ठेवले आहे.

डॉक्टरसाहेब, आपल्या एका वाक्यासाठी विशेष आभार मानायचे आहेत. आपण सल्फाविषयी लिहिलेत म्हणून मी जुन्या चिठ्ठ्यांची फाइल काढली. बारा वर्षांपूर्वी एका औषधाने यजमानांच्या अंगभर पुरळ उठले होते, एवढेच आम्हाला आठवत होते, औषधाचे नाव नव्हते. ते चिठ्ठीत सापडले आणि ते सल्फा गटातलेच निघाले. काल आमच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी पाहून यजमानांना डायमॉक्स न देण्याचे ठरवले आणि त्यांच्यासाठी लेहमधील मुक्काम आणखी एका रात्रीने वाढवायला सांगितला. त्याप्रमाणे आज सकाळी विमानाची तिकिटे एक दिवस अलीकडची केली आहेत.