रोमनेस्क यात्राचर्चमध्ये छताखाली खिडक्या का नाहीत?

गिरगावकर

फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात काँक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील संत फ्वा हिच्या मध्ययुगीन यात्राचर्चचा, म्हणजे यात्रेकरू जेथे येत अशा चर्चचा, आराखडा आणि आतील छायाचित्रे मी गेले काही दिवस पाहतो आहे. मुंबईत राहून डोळ्यांना सवय झाली आहे ती राजाबाई टॉवरची आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चची, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी येथे आणलेल्या गॉथिक शैलीच्या टोकदार कमानींची. त्यामुळे अकराव्या शतकातील ही रोमनेस्क शैलीची, म्हणजे गॉथिकच्या आधीची, अर्धवर्तुळाकार कमानींची वास्तू मला फार जड आणि आतून अंधारी वाटली. मधले दालन सुमारे २२ मीटर उंच आहे, तरीही छताच्या लगेच खाली एकही खिडकी नाही. तिथे बाजूच्या दालनांवर बांधलेल्या सज्जांच्या कमानी दिसतात. असे का केले असावे? दुसरी शंका अशी की, वेदीच्या मागून वळणारा मार्ग थेट आपल्या प्रदक्षिणापथासारखा आहे, आणि आराखडा कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृहाची आठवण करून देतो. या दोहोंत काही संबंध मानता येईल का?

कमानदार

पहिल्या शंकेचे उत्तर छताच्या वजनात आहे. मधल्या दालनावर दगडी गजपृष्ठाकार, म्हणजे अर्ध्या नळीसारखे लांबच लांब, छत आहे, आणि असे छत केवळ खाली दाबत नाही, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना सर्व लांबीभर बाहेर रेटते. हा रेटा जिथे लागतो नेमक्या त्याच उंचीवर खिडक्या पाडल्या, तर भिंत जिथे सर्वांत भक्कम हवी तिथेच ती पोकळ होईल. म्हणून सज्जावर पाव वर्तुळाच्या आकाराचे छत घातले आहे. ते मधल्या भिंतीला बाहेरून टेकते आणि आलेला रेटा बाहेरच्या जाड भिंतीकडे पोहोचवते. सज्जा ही माणसांनी उभे राहण्याची जागा दिसते खरी, पण बांधकामाच्या दृष्टीने तो इमारतीच्या पोटात दडवलेला अखंड टेकू आहे. मधल्या छताला ठरावीक अंतराने आडव्या कमानी दिल्या आहेत आणि प्रत्येक कमान खालच्या खांबावर उतरते, त्यामुळे आत उभे राहिल्यावर दालनाचे एकसारखे खण पडलेले दिसतात. उजेड मात्र सज्जाच्या बाहेरच्या भिंतीतील खिडक्यांतून, म्हणजे एक दालन ओलांडून येतो. आपण ज्याला अंधार म्हणता तो याच रचनेची किंमत आहे. टोकदार कमान, दगडी फासळ्यांचे छत आणि इमारतीबाहेर उभे केलेले कमानी टेकू हे तिन्ही एकत्र आल्यावर गॉथिक बांधणाऱ्यांना ती मोजावी लागली नाही.

मोडीवाचक

प्रदक्षिणेचा मुद्दा यात्रेच्या इतिहासाशी जोडून पाहावा. संत फ्वा ही आजां गावची मुलगी, ख्रिस्ती लोकांच्या रोमन छळात हुतात्मा झालेली अशी परंपरा आहे. तिचे अवशेष इ. स. ८६६च्या सुमारास काँकच्या एका भिक्षूने आजांहून चक्क चोरून आणले. परंपरेनुसार तो तेथे कित्येक वर्षे विश्वासू सेवक म्हणून राहिला होता. (चोरीची ही कथा मठाने लपवली नाही, उलट अभिमानाने जपली, कारण संताची स्वतःचीच इच्छा असल्याशिवाय असे अवशेष हलत नाहीत, असे त्या काळी मानले जाई.) अवशेषांमुळे यात्रेकरू आले, आणि स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या, फ्रान्समधील ल प्वी येथून निघणाऱ्या वाटेवर काँक हा मोठा थांबा ठरला. आताच्या चर्चचे काम ओदोलरिक या मठाधिपतीच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकाच्या मध्याच्या आसपास सुरू झाले. भिक्षूंची उपासना मध्यभागी अखंड चालू राहावी आणि यात्रेकरूंनी एका बाजूने आत येऊन, अवशेषांभोवती फिरून, दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे, यासाठी वेदीमागचा हा मार्ग फार सोयीचा होता. अवशेष ज्या मूर्तीत ठेवले होते ती लाकडाची, सोन्याच्या पत्र्याने मढवलेली असून तिचा चेहरा उत्तर रोमन काळातील आहे. आपल्याकडे देवीला मुखवटा चढवतात त्याची आठवण व्हावी. अकराव्या शतकाच्या आरंभी आँजे येथील बर्नार नावाचा विद्वान ही मूर्ती पाहून प्रथम हसला होता, आणि पुढे त्यानेच संत फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला. बंदिवानांना सोडवणारी म्हणून तिची ख्याती होती; पश्चिम दारावरील, जगाच्या अंती होणाऱ्या न्यायनिवाड्याच्या शिल्पपटात १२४ आकृती आहेत, त्यांत ती देवाच्या हातापुढे लवलेली असून तिच्यामागे सुटलेल्या कैद्यांच्या बेड्या टांगलेल्या दिसतात.

पाखाडी

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तथापि यात्रेमुळेच ही रचना घडली हे विधान मी जपून करीन. काँक, तुलूझचे सँ सेर्नँ, सांतियागो आणि आता नष्ट झालेली तूर व लिमोझ येथील चर्चे यांत साम्य आहे म्हणून आधुनिक अभ्यासकांनी यात्राचर्च हा गट मानला. परंतु फ्रान्समधील वेझले हेही यात्रेचेच मोठे ठिकाण आहे, आणि तेथे सज्जे नाहीत, छत परस्परांना छेदणाऱ्या कमानींचे आहे, शिवाय छताखाली मोठ्या खिडक्याही आहेत. त्याचा परिणाम असा झाला की भिंती बाहेर झुकल्या आणि पुढे बाहेरून टेकू द्यावे लागले. म्हणजे कमानदार यांचे म्हणणेच तेथे पटते. सज्जांवर यात्रेकरू झोपत, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. बाराव्या शतकातील यात्रेकरूंच्या मार्गदर्शिकेत सांतियागोच्या सज्जांवरून फिरणारा खिन्न मनुष्यही खाली उतरताना आनंदी असतो, एवढेच म्हटले आहे. झोपेचा त्यात उल्लेख नाही.

कान्हेरीशी संबंध जोडण्याची मात्र गरज नाही. पवित्र अवशेषाभोवती गर्दी फिरवायची असली की दोन संस्कृतींना स्वतंत्रपणे हाच आकार सुचू शकतो. रोमनेस्क चर्चची वंशपरंपरा रोमन सभागृहांपर्यंत मागे जाते, आणि चैत्यगृहाची आपल्याकडील लाकडी बांधकामांपर्यंत.

गिरगावकर

सर्वांचे आभार. काल रविवारी बोरिवलीहून कान्हेरीला जाऊन तिसऱ्या लेण्यात बराच वेळ थांबलो. स्तूपामागून फिरताना मार्ग चांगलाच अंधारा होत जातो, कारण सर्व उजेड समोरूनच येतो. तेथे छत कोरलेले आहे, रचलेले नाही, म्हणजे कमानदार यांनी सांगितलेला रेटाच नाही. दोन्हीकडच्या अंधाराची कारणे वेगळी आहेत हे तेथे उभे राहिल्यावर ध्यानात आले. आणखी एक पाहिले: पुढच्या काही खांबांची शीर्षे कोरीव आहेत आणि उरलेले खांब नुसते अष्टकोनी ठेवले आहेत. काँकच्या बांधकामात असे मध्येच थांबल्याचे खुणावणारे काही आहे का, हे कमानदार यांनी सवडीने सांगावे.

कमानदार

आहे. दगड पाहा. सुरुवातीच्या भागात तांबूस वालुकाश्म आहे, पुढे पिवळसर चुनखडक येतो, आणि बाहेरून फिरताना काही ठिकाणी हा बदल नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.