ऐश्वर्याची जांभळी लिपस्टिक आणि आपलं ऑफिस (सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा)

ए-२०३: २०१६ ला कान फिल्म फेस्टिव्हलच्या रेड कार्पेटवर ऐश्वर्या राय फिक्या जांभळ्या लिपस्टिकमध्ये आली होती, ट्विटरवर केवढी टर उडवली होती! तशीच शेड घरात पडून आहे. ऑफिसला हलकीशी लावली तर चालेल ना?

सी-४०२: हलकी लावलीस तर जास्तच बिघडेल गं. फिक्या लॅव्हेंडरमध्ये पांढरं पिगमेंट भरपूर. पातळ थर दिला की जांभळा जातो, पांढुरका तेवढा उरतो. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. शिवाय बऱ्याच जणींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद, म्हणजे दोन ओठ दोन रंगांचे. रोजच्यासाठी उलट गडद करायची, पिकलेल्या जांभळाकडे न्यायची.

बी-१०४: नवी घ्यायला नको. वाइन किंवा चॉकलेट लिप पेन्सिलने आधी अख्खा ओठ भर, नुसती कड नको. लॅव्हेंडर फक्त खालच्या ओठाच्या मध्यावर, मुगाच्या दाण्याएवढी. अनामिकेने थापटत बाहेर ने. घासलीस तर खालची पेन्सिलही उचलली जाते. मग टिश्यू एकदाच दाब.

ए-२०३: काकू, माझी लिक्विड मॅट आहे, पातळ आणि सुकली की चमक नसलेली.

बी-१०४: मग ओठावर मिसळायला वेळच मिळत नाही, लगेच सुकते. हाताच्या पाठीवर एक थेंब काढ, साधी मरून लिपस्टिक त्यात घोळ आणि ब्रशने लाव. पूर्ण सुकणार नाही, पण सारखी पसरेल. सुकलेल्या थरावर दुसरा हात देऊ नकोस, पापुद्रे सुटतात.

सी-४०२: आधी लिप बाम १० मिनिटं ठेव आणि पुसून टाक. बाम राहिला की पेन्सिल घसरते.

डी-६०१: ४ वाजता टाकी धुणार आहेत, बादल्या भरून ठेवा. बाकी चालू द्या 😄

ए-५०१: तीच गालाला लावली तर?

सी-४०२: मरूनकडे झुकणारी असेल तर दोन ठिपके, गालाच्या हाडावर. निळसर जांभळी नको, मार लागल्यासारखं दिसतं. आणि डोळ्यांना लिपस्टिक अजिबात नाही! लिपस्टिकमधल्या काही लाल रंगांना डोळ्यांजवळ वापरायला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) मान्यताच नाही. हवंच तर जांभळं काजळ घ्या, तेही फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी. खालीही भरलं की दुपारपर्यंत पसरून काळी वर्तुळं.

बी-१०४: ओठ गडद असले की तोंडाभोवतीचा काळसरपणा उठून दिसतो. तेवढ्यापुरतं कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम), चेहराभर थापायचं नाही.

ए-२०३: आणि डबा खाल्ल्यावर?

बी-१०४: भाजीच्या तेलाने मधली आधी जाते, कडेला रिंग उरते. लिक्विड मॅटही तेलापुढे टिकत नाही. त्यावरच परत लावू नकोस. कापसावर खोबरेल तेलाचे दोन थेंब, सगळं पुसून काढ आणि नुसती पेन्सिल भर. दुपारी मधली लॅव्हेंडर नसली तरी काही बिघडत नाही.

सी-४०२: शेड बाल्कनीच्या उजेडात बघ हं. बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली जांभळी तपकिरी वाटते आणि ऑफिसच्या पांढऱ्या ट्यूबखाली निळी मारते.

ए-२०३: वाइन पेन्सिल नाहीये, चॉकलेट आहे. जरा कडक झालीये.

बी-१०४: चालेल. हाताच्या पाठीवर चार-पाच रेघा ओढ, टोक मऊ होईल, मग ओठाला लाव.