बाल्कनीत आलेला लाँगहॉर्न भुंगा नवीन जातीचा असू शकतो का?

घोडबंदरकर
मंडळी, मी कासारवडवलीला राहतो, बिल्डिंगच्या मागेच येऊरचा डोंगर, त्यामुळे पहिला पाऊस पडला की बाल्कनीतल्या ट्यूबलाइटवर काय काय जमतं ते विचारूच नका. काल रात्री हा पाहुणा आला. दीडेक सेंटीमीटर असेल, तपकिरी रंग, पाठीवर पांढरेशुभ्र ठिपके आणि मिशा अंगाच्या दुप्पट तरी. उचलला तर चक्क चीं चीं आवाज करतो. आयनॅचरलिस्ट या जीव ओळखायच्या ॲपवर टाकला तर लाँगहॉर्न बीटल एवढंच ठामपणे सांगतंय, पुढे एक नाव सुचवलं पण त्या फोटोंमधले ठिपके आणि याचे ठिपके जुळत नाहीयेत.
मधे वाचलं होतं की ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये एका पीएचडीच्या पोराला कॅम्पिंग करताना पानावर पांढरी विष्ठा दिसली, नीट बघितलं तर अंगभर पांढरे उभे केस असलेला लाँगहॉर्न निघाला, आणि २०२४ मध्ये नुसती नवीन जात नाही तर अख्खी नवीन जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गटच, म्हणून जाहीर झाला, एक्सकास्ट्रा अल्बोपिलोसा. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. नवीन जात जाहीर करायची म्हणजे नक्की काय करतात? आणि नाव आपण ठेवू शकतो का? भुंगा सध्या डब्यात आहे, झाकणाला भोकं पाडलीत, बायको म्हणतेय सोड त्याला.

कलमवाला_ऐरोली
गावी आमच्या हापूसच्या कलमांना भिरूड लागते ती याच खानदानातली. बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. तो भुंगा चांगला बोटाएवढा असतो, अळी खोडात शिरली की बुंध्याशी भुसा पडायला लागतो आणि वेळेत तार घालून काढली नाही तर अख्खं झाड जातं. तुमचा तो नाही, फारच बारीक आहे. पण शेजारीपाजारी आंबा फणस असेल तर सोडताना विचार करा 😀

पिन_आणि_भिंग
@घोडबंदरकर प्रश्न चांगलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.
जगात लाँगहॉर्नच्या ३५ हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या लॅमिनी या उपकुळातल्या, तुझा भुंगाही त्यातलाच दिसतोय कारण तोंड सरळ खाली उभं आहे. आता ‘नवीन’ म्हणायचं तर आधी या गठ्ठ्यातल्या जवळच्या सगळ्या जातींशी ताडून बघावं लागतं, खरं काम ते आहे, नाव देणं शेवटच्या पाच मिनिटांचं. भारतातल्या लाँगहॉर्नसाठी आजही लोक गॅहनचं १९०६ सालचं फॉना ऑफ ब्रिटिश इंडियातलं पुस्तक उघडतात. त्यानंतर ब्रॉयनिंग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने एकट्याने सात हजारांच्या वर नावं देऊन ठेवलीत, वर्णन कधी कधी चारपाच ओळींचं, चित्र नाही. त्या चार ओळींवरून तुझा भुंगा तोच का वेगळा हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही, मग मूळ नमुना, म्हणजे ज्या भुंग्यावरून ते नाव दिलं तोच, बघावा लागतो, आणि आपल्याकडचे बरेच जुने मूळ नमुने लंडनला नाहीतर पॅरिसला. हल्ली म्युझियमवाले हाय रेझोल्यूशन फोटो ऑनलाइन टाकतात म्हणून जरा सुसह्य झालंय.
ठिपक्यांवर तर अजिबात भरवसा ठेवू नकोस. ते ठिपके म्हणजे बारीक लव असते, भुंगा जुना झाला की झिजते, ओली झाली की रंग बदलतो. साइजही तशीच, अळीला लाकूड चांगलं मिळालं तर भुंगा मोठा नाहीतर त्याच जातीचा निम्म्या आकाराचा. नराच्या मिशा मादीपेक्षा लांब. म्हणजे एकाच जातीचे चार भुंगे चार वेगळ्या जाती वाटू शकतात आणि जुन्या लोकांनी तशी चार नावं ठेवलेलीही आहेत. म्हणून मिशीच्या कोणत्या पेराची लांबी किती, छातीच्या बाजूला काटा आहे का, पंखकवचाचं टोक गोल का छाटल्यासारखं, हे सगळं मोजतात, आणि बऱ्याच गटांत नराचं जननेंद्रिय काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात साफ करून भिंगाखाली बघतात. जोडीला डीएनए बारकोड, म्हणजे जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा, असला तर उत्तम, पण नुसत्या बारकोडवर बहुतेक लोक नवीन जात मानत नाहीत.
मग एक नमुना होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा मूळ नमुना, म्हणून ठरवायचा, २००० पासून मूळ नमुना ठरवणं सक्तीचंच आहे, तो कुठे ठेवलाय ते लिहायचं आणि रीतसर जर्नलमध्ये छापायचं. फक्त ऑनलाइन जर्नल असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी लागते. फेसबुकवर नाव टाकलं तर ते नाव धरत नाहीत. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवीन जातीचा नमुना सरकारने ठरवलेल्या संस्थेत जमा करावा लागतो, झूऑलॉजिकल सर्व्हे त्यातली एक, त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.
नावाचं म्हणशील तर पेपर लिहिणारा नाव ठेवतो, सापडवणारा नाही. स्वतःचं ठेवायला नियमाची बंदी नाही पण लोक हसतात. वहिनींचं ठेवता येईल, मग डबाही घरात चालेल.

येऊरचा_वाटसरू
हे सगळं ठीक आहे पण एक जीव मारायचा कशाला? आजकाल मॅक्रो लेन्स आहेत, फोटोवरून करा की जाहीर.

पिन_आणि_भिंग
नियमात तशी फट आहे आणि त्यावर जगभर कडाक्याची भांडणं झालीत. पक्षी किंवा माकड असतं तर मीही तुझ्या बाजूने बोललो असतो. इथे जी गोष्ट निर्णायक ती पोटाच्या आत असते, फोटोत येणार कशी? आणि शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने बघायचं काय. बाकी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, म्हणजे येऊर धरून, वनखात्याच्या परवानगीशिवाय एक मुंगीसुद्धा उचलायची नाही हे मात्र शंभर टक्के. बाल्कनीतल्या ट्यूबलाइटवर आलेला वेगळा.

न्हावाशेवा_गोदाम
मी वेगळंच बोलतो. अनोळखी भुंगा दिसला की सगळ्यांना जंगल आठवतं, आमच्यासारख्यांना पोर्ट आठवतं. उरणपासून तळोजापर्यंत गोदामांत बाहेरच्या देशातून लाकडी पॅलेट आणि खोकी येतात, आणि लाँगहॉर्नची अळी लाकडात कित्येक महिने गप पडून राहू शकते. म्हणूनच नियम आहे की पॅकिंगचं लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवायचं आणि त्यावर कणसाच्या चिन्हाचा शिक्का हवा. शिक्का असतो, तापवलेलं असतंच असं नाही. अमेरिकेत १९९६ ला न्यूयॉर्कमध्ये एशियन लाँगहॉर्न सापडला तो चीनहून पॅकिंगच्या लाकडातून आला असं मानतात, नंतर त्यांना हजारो झाडं तोडावी लागली. तेव्हा ‘ॲपला ओळखू येत नाही’ याचा अर्थ इथला नवीन असा नाही, दुसरीकडचा जुनाही असू शकतो.

पिन_आणि_भिंग
हा मुद्दा भारीच, माझ्याकडून राहिला होता. @घोडबंदरकर घरात नवीन फर्निचर किंवा बिल्डिंगमध्ये कुठे पॅलेट पडलेत का? आणि वरून, बाजूने, समोरून असे तीन फोटो टाक, शेजारी पट्टी ठेवून.

घोडबंदरकर
फर्निचर सगळं जुनं. पॅलेट नाहीत, गेटजवळ वडाचं मोठं झाड आहे तेवढंच. फोटो टाकलेत. पट्टीवर साधारण १६ मिलिमीटर. पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब आहेत हे आज लक्षात आलं.

पिन_आणि_भिंग
वड, लांब पुढचे पाय, सडपातळ अंग आणि एवढ्या मिशा म्हणजे माझा अंदाज ओलेनेकॅम्प्टस या गटातला, आणि जात बहुतेक बिलोबस, नर. वड पिंपळ उंबर हेच त्याचं खाणं, दिव्यावर हमखास येतो, भारतभर मिळतो. ठिपक्यांचा आकार आणि संख्या भागाभागाने इतकी बदलते की त्याच्या उपजातीच पुष्कळ करून ठेवल्यात. नाव फॅब्रिशियस या जुन्या कीटकशास्त्रज्ञाने १८०१ साली दिलंय. चीं चीं म्हणजे छातीचं कवच मागच्या भागावर घासतो, पकडला की बरेच लाँगहॉर्न करतात.

घोडबंदरकर
१८०१ म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात याचं बारसं झालंय आणि मी आत्ता पाळणा बांधायला निघालोय 😂 ठीक आहे, संध्याकाळी वडावर सोडतो. पण गच्चीवर पांढरी चादर आणि दिवा लावून बघावं असं वाटायला लागलंय, सेक्रेटरी परवानगी देईल का माहीत नाही.

पिन_आणि_भिंग
लाव की, पावसाच्या सुरुवातीचे हेच दिवस असतात. फक्त प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, जागा आणि जवळची झाडं लिहून ठेव. ठाण्यातल्या लाँगहॉर्नची कोणी नीट यादी करायला घेतली तर अशाच नोंदी लागतील.

न्हावाशेवा_गोदाम
आमच्याकडे एका खोक्याखाली गेला आठवडाभर भुसा पडतोय, फोटो टाकू का?

पिन_आणि_भिंग
टाक, पण नवीन धागा काढ. आणि फोटोची वाट न बघता खोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव, प्लांट क्वारंटाइनवाल्यांना आजच कळव.