अनुभव धागा: यूटीव्ही स्टार्ट होत नाही, तुम्ही आधी काय तपासता?

यूटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या, शेजारी-शेजारी सीट असलेल्या चारचाकी गाड्या (यांनाच साइड-बाय-साइड म्हणतात), चिखलात रुततात, धुळीने माखतात आणि मध्येच कित्येक महिने एका जागी उभ्या राहतात. मग ऐन कामाच्या दिवशी चावी फिरवावी तर गाडी गप्प. असं झालं की तुम्ही कुठून सुरुवात करता, ते इथे लिहा. एकच विनंती आहे. 'स्टार्ट होत नाही' एवढ्यावर थांबू नका. सेल्फ फिरतच नाही, फक्त टक् वाजतं, इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, की पेट घेऊन लगेच बंद पडतं, हे आधी सांगा. या चारही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. मीटरवर आलेले आकडेही लिहा.

* * *

सुरुवात बॅटरीपासून करतो. गाडी रात्रभर उभी असताना टर्मिनलवर १२.६ ते १२.८ व्होल्ट असतील तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्म्यावर आली, १२ च्या खाली म्हणजे बसलीच. पण नुसता हा आकडा बघून बॅटरीला पास करू नका. मीटर टर्मिनलवर तसाच धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही, मग उभी असताना ती १२.७ दाखवत का असेना. इंजेक्शनच्या गाडीत याचा दुहेरी फटका बसतो: सेल्फ कसाबसा फिरतो, पण व्होल्टेज पडल्यामुळे ईसीयूच (इंजिनचा कॉम्प्युटर) बंद होतो आणि माणूस पेट्रोलमध्ये दोष शोधत बसतो.

चार्ज करताना करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवा. ३० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ३ अँपिअर. घाईने जास्त करंट देऊ नका. गाडी चालू झाल्यावर थोडी रेस देऊन टर्मिनलवर साधारण १४ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. तेवढे नसतील तर स्टेटर (वीज बनवणारी कॉईल) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्याभरात बसेल.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोडून. बॅटरी चांगली निघाली आणि तरी सेल्फ मंद फिरतो, तर नव्वद टक्के लोक स्टार्टर मोटर बदलतात. थांबा. आधी केबल तपासा, आणि ओहमवर नको, सेल्फ मारतानाच.

मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लँपवर नव्हे, खुद्द खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. मग तसंच पॉझिटिव्ह खुंटीपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत. तिथे ०.५ च्या आत हवं. जास्त आलं तर एकेक जोड ओलांडत मीटर पुढे सरकवा. ज्या जोडावर आकडा उडी मारतो तिथेच दोष आहे. या गाड्यांत अर्थचा बोल्ट बहुधा फ्रेमच्या रंगावर घट्ट केलेला असतो, खाली चिखल साचून गंज चढतो. बोल्ट काढा, धातू चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा, वरून ग्रीस लावा. केबल वरून धडधाकट दिसली तरी लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली असू शकते. लगजवळ वाकवून बघा, कुरकुर आवाज आला तर केबल गेली.

* * *

टक् आवाजाबद्दल. टकटकटक असं भराभर वाजलं तर बॅटरी किंवा जोड. एकच जोरदार टक् वाजून शांत झालं तर सोलेनॉइडचे (बॅटरीचा करंट स्टार्टरला जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळालेत, स्टार्टर अडकलाय, किंवा इंजिनच जाम आहे. टक् वाजल्यावर सोलेनॉइडच्या स्टार्टरकडच्या बोल्टवर व्होल्टेज येत नसेल तर सोलेनॉइड बदला. येत असेल तर पुढे बघा. आणि स्टार्टर नुसताच सूं करून मोकळा फिरत असेल, इंजिन हलत नसेल, तर वन-वे क्लच किंवा बेंडिक्स (स्टार्टरला इंजिनशी जोडणारे भाग) गेलेत.

काहीच वाजत नसेल तर ब्रेक दाबून आणि गिअर न्यूट्रलला नीट बसवून बघा. बहुतेक मॉडेलमध्ये यातल्या एका स्विचने स्टार्टरची लाईन अडवलेली असते. ब्रेकचा दिवा लागतो का पाहिलं तर अर्धा तपास तिथेच होतो. डिस्प्लेवर 'एन' दिसत नसेल तर लिंकेज (गिअर लिव्हरची जोडणी) सैल झालंय. फ्यूज नुसता नजरेने बघू नका, मीटरने दोन्ही पायांवर व्होल्टेज तपासा.

* * *

इंजिन चांगलं फिरतं, पेट घेत नाही: चावी ऑन केल्यावर सीटखालून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज आला पाहिजे. तो पेट्रोल पंप. आवाज नसेल तर आधी फ्यूज बघा, मग रिले (पंपाला वीज देणारा छोटा स्विच). पिनांची मांडणी आणि रेटिंग सारखंच असलेला दुसरा रिले शेजारून काढून लावून बघता येतो. तरीही आवाज नाही तर पंपाच्या कपलरवर चावी ऑन होताच १२ व्होल्ट येतात का बघा. येतात आणि पंप गप्प, तर पंप गेला. येतच नाहीत, तर वायरिंग. सीटखाली आणि एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) उंदीर घर करतात, वायर कुरतडतात, हे कायम लक्षात असू द्या.

पंप वाजतोय म्हणजे प्रेशर आहेच असं नाही. गेज लावा. मॉडेलप्रमाणे ते साधारण ४० ते ६० पीएसआयच्या टप्प्यात असतं, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. गेज लावण्यापूर्वी प्रेशर सोडा, तोंड कापडात धरा, आसपास ठिणगी नको.

* * *

पेट्रोल किती दिवसांचं आहे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. टाकीच्या तळातून पाव लिटर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल पाण्यासकट खाली बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. असं पेट्रोल वर नवं ओतून सुधारत नाही. टाकी रिकामीच करावी लागते. वॉर्निशसारखा आंबूस वास आला तरी तेच.

कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सोडा. पेट्रोल आलंच नाही तर फ्लोट व्हॉल्व्ह किंवा फिल्टर चोंदलाय. आलं, आणि गाडी फक्त चोकवरच धरते, तर पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल देणारी बारीक नळी) बंद आहे. त्याचं भोक केसाएवढं असतं. तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की जेट कामातून गेलं. कार्ब क्लीनर मारा आणि हवेने फुंका. उजेडाकडे धरल्यावर गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे.

सतत सेल्फ मारून प्लग ओले झाले असतील तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाचेक सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत असं केल्यावर इंजेक्टर पेट्रोल देणं थांबवतात आणि सिलिंडर कोरडे होतात.

* * *

प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, येते का ते तपासताना प्लग काढून नुसता हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. मोकळ्या तारेने कॉईल आणि ईसीयू दोन्ही बिघडू शकतात. स्पार्क टेस्टर वापरा, किंवा प्लग इंजिनच्या धातूला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर. ठिणगी निळी आणि जोरकस हवी. पिवळी, बारीक असेल तर आधी नवा प्लग लावा.

दोन्ही सिलिंडरला करंट नाही? मग कॉईल बदलण्याआधी सेल्फ मारताना डिस्प्लेवर आरपीएम दिसतो का बघा. शून्यच राहत असेल तर क्रँक पोझिशन सेन्सरवर माझा पहिला संशय. त्याच्याशिवाय ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, त्यामुळे तो करंटही देत नाही आणि पेट्रोलही. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर मुकाट चालू होते, हेही बहुतेक वेळा त्याच सेन्सरचं लक्षण.

गाडी कलंडली असेल तर टिप-ओव्हर सेन्सरने इंजिन बंद केलेलं असतं. गाडी सरळ करा, चावी ऑफ करून थोडं थांबा, मग ऑन करा. इंजिन ऑइल एअर बॉक्समध्ये गेलं असेल तर मात्र सेल्फला हात लावू नका.

* * *

शेवटच्या वाक्याला जोडून, पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल, कारण इथे एका चुकीत इंजिन जातं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी एकदाही स्टार्ट करून बघू नका, ओढून बाहेर काढा.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअर बॉक्स उघडा. फिल्टर ओला असेल तर पाणी आत गेलंय असंच धरा. सगळे प्लग काढा. डिपस्टिक बघा, ऑइल चहाच्या रंगाचं दुधाळ झालं असेल तर ते आधी काढून टाका आणि नवं भरा. पंपाचा रिले काढून ठेवा, कॉईलचे कपलर सोडा, आता बॅटरी जोडून दोन-दोन सेकंद सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून पाणी जोरात उडतं, तोंड बाजूला ठेवा. पाणी यायचं थांबलं की प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा फिरवा. बेल्टच्या केसच्या तळाचा ड्रेन प्लगही काढा. गाडी चालू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइलही उघडून बघा.

* * *

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की लाईन एअर घेते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सोडून बुडबुडे थांबेपर्यंत पंप करा. थंडीत पांढरा धूर येतो पण पेट घेत नाही, तर ग्लो प्लग (सिलिंडर आधी गरम करणारे प्लग) बघा. प्रत्येकाची तार सोडून ओहम मोजा: चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास, मीटर ओपन दाखवत असेल तर गेला.

* * *

कॉम्प्रेशनबद्दल एक सावधगिरी. यातल्या अनेक इंजिनांत कॅमवर ऑटो-डीकॉम्प्रेसर (सेल्फ मारताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारा भाग) असतो, त्यामुळे सेल्फवर घेतलेलं कॉम्प्रेशन चांगल्या इंजिनातही कमीच येतं. तो आकडा बघून इंजिन खोलू नका. लीक-डाऊन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरा, आणि हवा कुठून सुटते ते कानाने ऐका. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इनटेकमधून आली तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मोजा. एअर फिल्टर नीट न बसल्यामुळे धूळ आत जाते, व्हॉल्व्हची सीट झिजते आणि फट कमी होत जाते, मग गाडी थंड असताना धरत नाही. टॅपेट सेट करून गाडी चालू होईल, पण फिल्टरची कडा आणि क्लँप नीट केला नाही तर तीच फट पुन्हा कमी होईल.

* * *

चालू होते आणि मिनिटाभरात बंद पडते, त्यांनी टाकीचं झाकण उघडावं. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर व्हेंटची नळी चिखलाने बुजलेली आहे. फुंकून साफ करा.