टॉर्चखाली ग्रॅनाइट नको, बोर्ड आणि पत्रा घ्या

किचनच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइट गॅस टॉर्चच्या ज्योतीवर काच वितळवून काम करायच्या बेंचवर टाकायचा तुमचा विचार मला पटला नाही. ग्रॅनाइट जळत नाही हे खरं, पण ज्योत एकाच जागी लागत राहिली की तेवढाच भाग फुगतो आणि दगडाला चीर जाते, कधी कपचाही उडतो. जांभ्या दगडाचा चिरा तर नकोच. गोव्याच्या पावसात तो पाणी पिऊन बसलेला असतो आणि तापला की आतल्या पाण्याची वाफ होते.

प्लायवर १२ मिमी कॅल्शियम सिलिकेट बोर्ड (न जळणारा, उष्णता अडवणारा), त्यावर स्टेनलेसचा पत्रा, हे सगळ्यात भरवशाचं. नुसता पत्रा टाकलात तर खालचं लाकूड करपेल. साधं लोखंड आपल्या खाऱ्या हवेत गंजतं. गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अजिबात घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो. जुन्या छपराचा सिमेंट पत्राही कापू नका हं, त्यात बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉस असतं.

पत्र्याची पुढची कड थोडी वर वळवून घ्या, नाहीतर काचेचं तुटलेलं लालभडक टोक घरंगळत थेट मांडीवर येतं. आणि काचेची गरम कांडी पत्र्यावर आडवी टाकू नका, थंड धातूला टेकली की तडकते. खाचांचा स्टँड ठेवा.