जुन्या कॅराव्हॅनच्या पत्र्याला पांढरी पूड, गाडी घ्यावी का सोडावी?

जांबोटीकर: मडगावला जुना कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, बघून आलो. लोखंडी सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. मालक ३.५ लाख म्हणतोय. दुरुस्तीला ४० हजार आहेत, त्यावर एक रुपया नाही. खालच्या कडेला स्क्रूभोवती पांढरी पूड आणि रंगाला फोड आलेत. ठेवणार बेळगावच्या खानापूर तालुक्यात, पावसाचं सांगायला नकोच. काय करू?

निपाणीचे नाना: फायबर बॉडीचा नवा घ्या. माझा ९ लाखांचा आहे, एक डाग नाही.

उद्यमबाग फॅब्रिकेटर: नाना, बजेट वाचा की हो. पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. पत्रा लोखंडाला टेकतो तिथं खारा ओलावा धरला की आधी पत्राच झिजतो. पण फोडांवर जाऊ नका, बहुतेक वेळा दुखणं आत असतं. छताचा सांधा गळतो, पाणी भिंतीतून उतरून खालच्या लाकडात मुरतं. कडेची पट्टी काढून लाकडात स्क्रू ड्रायव्हर टोचा. लोण्यासारखा आत गेला तर नमस्कार करून परत या.

शहापूरवाला: सगळे स्क्रू स्टेनलेसचे मारा, विषय संपला.

उद्यमबाग फॅब्रिकेटर: संपत नाही. गोव्याच्या हवेत स्टेनलेससुद्धा पत्रा खातो. नायलॉनचा वॉशर घाला, पाणी अडवायला सांध्याला ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावा. व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन नको, न्यूट्रल मागा.

वडगावची ताई: आमच्या टपरीचा पत्रा धुण्याच्या सोड्यानं घासला, आरशासारखा झाला.

माजी केमिस्ट: ताई, सोडा अजिबात नको. पत्र्यावरचा पातळ ऑक्साइडचा थरच त्याला वाचवतो आणि सोडा नेमका तोच विरघळवतो. बेळगावात यमनापूरला हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटच्या खनिजातून अॅल्युमिना, म्हणजे हाच ऑक्साइड, काढतात तो कॉस्टिक सोड्यानंच.

शहापूरवाला: मग पत्रा तिथंच मिळेल की स्वस्तात?

माजी केमिस्ट: तिथं पांढरी पावडर तयार होते, पत्रा नाही.

कंग्राळी: गोवा पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मला एका एजंटानं वर्षभर फिरवलंय.

निपाणीचे नाना: परत सांगतो, फायबर. जुन्याच्या नादी लागू नका.

जांबोटीकर: पट्टी काढली. पुढच्या कोपऱ्यात लाकूड मऊ लागलं, बाकी टणक.

उद्यमबाग फॅब्रिकेटर: मग नाद सोडून द्या. एक कोपरा उघडला की शेजारचा निघतो, ४० हजारांत भागायचं नाही.

जांबोटीकर: घेतला. भाव २.८ वर आणला, एनओसीचा अर्ज मालकाकडून करून घेतला, ती आल्यावरच बाकी पैसे. वाचलेले पैसे त्या कोपऱ्याला. खालचा दीड फूट पत्रा कापून नवा बसवतोय. पावसाआधी मळ्यात शेड उभी राहील.