मदत हवी आहे: मामांच्या ट्रंकेतली वासुदेवाची टोपी

मंडळी, धागा जरा लांबतोय, पण प्रश्न एका टोपीचाच आहे.

माझे मामा हौशी नाटकांची वेशभूषा करायचे. नोकरी पोस्टात, जीव कपडेपटात. कुठेही गेले की डोक्यावर घालायचं काहीतरी घेऊन यायचे. पगड्या, फेटे, एकदा तर कोकणातून एसटीच्या टपावर टाकून आणलेलं इरलं. ते गेल्यावर मामींनी तीन ट्रंका माझ्याकडे सोपवल्या, कारण भाच्यांमध्ये नाटकाचं खूळ मलाच. दोन आवरून झाल्या. तिसरीत, जुन्या धोतरात गुंडाळलेली, वासुदेवाची टोपी निघाली.

वासुदेव ज्यांनी फक्त चित्रात पाहिलाय त्यांच्यासाठी: पहाटे दारात येणारा, पायघोळ अंगरखा, कमरेला शेला, त्यात खोचलेला पावा, हातात टाळ-चिपळ्या आणि डोक्यावर मोरपिसांची उंच निमुळती टोपी. सुपातलं दान झोळीत पडलं की 'दान पावलं' म्हणत पंढरपूरच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला ते पोचतं करायचं आणि गिरकी घ्यायची. ही गिरकी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टोपीच्या आत बांबूच्या कामट्या, त्यावर मांजरपाट, बाहेरून पिसं उभी लावून दोऱ्याने आवळलेली. शेंड्याला पितळी कळस, तो कळकून हिरवा पडलाय. काठाला लाल पट्टी, तिच्यावर कवड्या. सोबत मामांची चिठ्ठी: 'सासवड रस्ता. नवी करून दिली, जुनी घेतली. पिसं लावायला दोन रात्री.' म्हणजे टोपी खरोखर कुणाच्या तरी डोक्यावर फिरलेली आहे. आतलं कापडही तेच सांगतं. कपाळापाशी घामाने काळं कुळकुळीत झालंय. नाटकातल्या टोपीला असा घाम कुठून येणार? ती दोन तास डोक्यावर, मग खुंटीवर.

आता घोटाळा. आतल्या बाजूला पांढरं इलॅस्टिक शिवलेलं आहे, हनुवटीखालून घ्यायचं. हे काम मामांचंच, त्यांचा टाका मी ओळखतो. नटाने गिरकी घेतली असेल आणि टोपी पहिल्या रांगेत गेली असेल, दुसरं काय! (वासुदेवाची का उडत नाही, हा वेगळा धागा होईल.) ते इलॅस्टिक उसवावं का? टोपी मूळ रूपात आणायची तर उसवायला हवं, पण हात होत नाही.

दुसरं म्हणजे कसर लागलीय. मागच्या बाजूची पिसं देठापर्यंत खाल्ली आहेत, धोतरात भुस्सा पडलाय. घाबरून डांबरगोळ्या टाकल्या आणि टोपी दिवसभर गच्चीत उन्हात ठेवली. बरोबर केलं की चूक? गेलेल्या जागी नवी पिसं लावावीत का?

शिवाय आमच्या ग्रुपला ती पुढच्या प्रयोगात हवी आहे आणि न्यू जर्सीतल्या बहिणीला दिवाणखान्यात हवी आहे. दोघांनाही अजून 'बघू' म्हटलंय.

प्रतिसाद: जुनीपेटी

बहिणीचं आधी मिटवा: नाही म्हणा. मोराची गळलेली शेपटीची पिसं देशात बाळगायला, विकायला 1972च्या वन्यजीव कायद्यात सूट आहे, पण ती किंवा त्यांची वस्तू परदेशी पाठवायला बंदी आहे. कुरिअरने नको आणि सामानात लपवूनही नको.

ऊन पुरे झालं. ते आणखी दिलंत तर कापड आणि दोरा कुजेल. डांबरगोळ्याही काढा, त्यांची वाफ फुप्फुसांना वाईट. पीस म्हणजे केराटिन, आपल्या नखाकेसांसारखंच, आणि कसरीच्या अळीला तेच पचतं. तिच्यावर साधा उपाय गारठ्याचा. टोपी मलमलीत गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस उघडू नका, नाहीतर दव धरून पिसं भिजतील. ट्रंकही रिकामी करून सांधेकोपरे झाडा, अंडी तिथे असतात.

कळसाला चिंच-मीठ लावायचा मोह आवरा. ते पाणी ओघळून पिसांत जातं.

प्रतिसाद: कपडेपट

इलॅस्टिक अजिबात उसवू नका! मूळ रूप म्हणजे कोणतं? ती रस्त्यावर फिरली हे जितकं खरं, तितकंच रंगमंचावर फिरली हेही खरं. फक्त जुनं रबर चिकट होऊन डाग पाडतं, म्हणून इलॅस्टिक आणि कापड यांच्यामध्ये धुतलेल्या सुती कापडाची पट्टी सरकवा. पिसांच्या जागा मोकळ्याच राहू द्या. लावायचीच असतील तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावा, म्हणजे उद्या कुणी पाहिलं तर तुमचं काम आणि जुनं काम वेगळं कळेल. आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, टोपीपेक्षा ती लवकर जाईल.

प्रयोगासाठी मामांनी केलं तेच करा: दोन रात्री बसा, नवी बनवा. पावसाळा सरताना मोर पिसारा झाडतो, तेव्हा पिसं भरपूर मिळतात.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. डांबरगोळ्या काढल्या, इलॅस्टिक तसंच ठेवतोय. बहीण रुसली आहे, तिला मोठा फोटो फ्रेम करून पाठवेन.

कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याने फ्रीजरचा खालचा कप्पा सोमवारपासून द्यायचं कबूल केलंय. उणे किती अंश, असं विचारलं तर म्हणाला, 'कुल्फीचा दगड होतो.' एवढं पुरेल का? की थर्मामीटर आणू?